ॲस्परॅगस: पावसाळ्यात खोडं वाळतात, काढलेले कोंभ दुसऱ्या दिवशी चिवट. काय चुकतंय?

जांबोटी_रोड

नमस्कार मंडळी. बेळगाव–जांबोटी रस्त्याला चार गुंठे लाल माती, त्यात ॲस्परॅगस, कोवळे कोंभ खायची भाजी. यूसी-१५७ जातीचं बियाणं, ट्रेमध्ये रोपं करून मागच्या ऑक्टोबरात लावली. दोन ओळींत पाच फूट, दोन रोपांत दीड फूट. सपाट वाफे, ठिबक आहे. मेअखेरपर्यंत पिसारा, म्हणजे वरच्या बारीक पानांच्या फांद्या, कमरेएवढा, हिरवागार.

जुलै लागल्यापासून खोडांवर तपकिरी डाग पडून वरचा पिसारा वाळूलालाय. शेताच्या खालच्या अंगाला तर काही झाडं ओढली की गड्ड्यासकट (बुडाच्या मुळ्यांच्या गाठीसकट) हातात येऊलालीत. नवीन कोंभ सुतळीएवढे.

दुसरं, मध्ये थोडे कोंभ निघाले ते गोव्याच्या गाडीनं पाठवले. टोकं वाकडी झाली, बुडखा चिवट लागतोय, असा निरोप आला. घरी फ्रीजमध्ये ठेवलेले चौथ्या दिवशी बुळबुळीत.

तिसरं, नर्सरीवाला म्हणतोय, "शतावरीच की ती, मुळ्या आणून लावा, बियाणं कशाला?" हे खरं काय?

---

चिकोडी_मळा

तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात सोपं, ते आधी. नाही. नर्सरीत मिळते ती औषधी शतावरी: काटेरी वेल, वापर मुळांचा. कानडीत तिला 'हलवु मक्कळ तायि बेरु', बऱ्याच लेकरांची आई, म्हणतात ते त्या मुळ्यांच्या घोसावरून. तुमची भाजीची जात वेगळी, कूळ तेवढं एकच. औषधी शतावरीच्या मुळ्या लावून जाड कोंभ कधीच मिळणार नाहीत. कुंडीतल्या शोभेच्या 'ॲस्परॅगस फर्न'चंही तसंच, आणि त्याची लाल फळं लेकरांच्या हाताला लागू देऊ नका.

आता रोग. तुमच्या शेतात दोन वेगळी दुखणी दिसतात आणि दोन्हींना एकच औषध मारायला गेलात तर पैसे पाण्यात.

खोडावरचा डाग नीट बघा. लांबट, होडीच्या आकाराचा, कडेला तांबूस-तपकिरी आणि मध्ये राखाडी, त्या राखाडीत मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके. असं असेल तर तो खोडकरपा, फोमॉप्सिस नावाची बुरशी. काळे ठिपके म्हणजे तिच्या बियांच्या पिशव्या. पावसाचा थेंब जमिनीवर आपटला की मातीबरोबर त्या बिया फूट-दीड फूट उडतात आणि कोवळ्या खोडाला चिकटतात. म्हणून पहिले डाग नेहमी बुडापासून गुडघ्यापर्यंत दिसतात. डाग खोडाला वेढा घालतो आणि वरचं सगळं वाळतं. पिसारा वाळला की गड्ड्यात अन्न जात नाही, गड्डा रिकामा, म्हणून पुढचे कोंभ सुतळीएवढे. खत कमी पडलं म्हणून नव्हे. युरिया वाढवू नका.

यात एक गोष्ट बरेच जण सोडतात. कोंभ जमिनीबाहेर आल्यापासून पहिले तीन आठवडेच खोड खरं नाजूक असतं. एकदा ते कडक झालं की बुरशीला आत शिरणं जड जातं. तेव्हा जून-जुलैत नवीन खोडं वाढवायची म्हणजे आपणच तिला ताट वाढून देणं. आपल्याकडं पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लागतो. राखायची खोडं एप्रिलच्या शेवटी, फार तर मेच्या पहिल्या आठवड्यात वर यायला पाहिजेत, म्हणजे पावसाआधी ती कडक होतात. वळवाचा पाऊस येतो, खरं आहे. पण वळीव पडून ऊन पडतं, खोड तासाभरात सुकतं. जुलैतली झिमझिम आठ-आठ दिवस सुकू देत नाही, घात तिथं होतो.

ओढल्यावर हातात येणारी झाडं हे दुसरं दुखणं. गड्डा उभा चिरून बघा. आत तांबूस-तपकिरी, कोरडा, मुळ्यांची नुसती साल उरलेली असेल तर फ्युझेरियम नावाची बुरशी. पिवळट, पाणीदार, मऊ आणि वास असेल तर फायटोफ्थोरा नावाची कूज. दोन्हींचं मूळ एकच: सपाट वाफा आणि साचलेलं पाणी. खालच्या अंगालाच झाडं गेली, यावरूनच कळतंय. ती झाडं वाचत नाहीत. आजूबाजूच्या टोपलीभर मातीसह काढून शेताबाहेर न्या, आणि त्याच खड्ड्यात नवीन रोप लावू नका. या पिकाची जुनी मुळं कुजताना स्वतःच्याच रोपांना मारक ठरतात, वर बुरशी तिथंच वस्तीला.

करायचं काय? वाफा एक फूट उंच, माथा दोन-अडीच फूट रुंद, मधली सरी उताराला नेऊन चरात सोडलेली. पावसात सरीत उभं राहिलात तर पाणी पुढं सरकताना दिसलं पाहिजे. एका जागी डबकं राहिलं की ती जागा पुढच्या वर्षी रिकामी.

आणि मातीचा सामू (पीएच) तपासा. जांबोटी-खानापूर पट्ट्यातली जांभ्याची माती बहुतेक आंबट असते. या पिकाला साडेसहा ते साडेसात लागतो. सहाच्या खाली मुळं दमतात आणि फ्युझेरियमला मोकळं रान. चुना किती घालायचा ते अहवाल बघूनच. अंदाजानं पोतं ओतू नका, कारण हे पीक पाच-सात वर्षं उभं राहणार, नंतर खालची माती उलटता येत नाही.

---

जांबोटी_रोड

अण्णा, डाग अगदी तसेच, काळे ठिपके पण आहेत. फवारणी काय घ्यायची? आणि पाऊस अडवायला चार गुंठ्यांवर प्लास्टिकचं छप्पर टाकायचं म्हटलं तर परवडत नाही हो.

---

चिकोडी_मळा

आधी विळा, मग पंप. डाग असलेलं प्रत्येक खोड जमिनीलगत कापा, पडलेला काडीकचराही गोळा करा, शेताबाहेर नेऊन जाळा. कंपोस्टात टाकू नका. वाळलेल्या काडीत बुरशी पुढच्या पावसापर्यंत जिवंत राहते. हे न करता केलेली फवारणी म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसणं.

मग एक टक्का बोर्डो मिश्रण, मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद पन्नास लिटरमध्ये प्लास्टिकच्या पिंपात विरघळवायचं, लोखंडाच्या भांड्यात नाही. चुना दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये निवळून, गाळून. मग दोन्ही तिसऱ्या पिंपात एकदम ओतत ढवळायचं. घासलेलं खुरपं त्यात मिनिटभर धरा. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, पानं भाजतील. थर चढायचा थांबेपर्यंत चुन्याची निवळी घाला. सुपारीवाले हेच मारतात, त्यांना सांगायला नको. त्याच दिवशी संपवा, शिळं चालत नाही. पावसाच्या उघडिपीत दहा-बारा दिवसांनी एकदा, फवारा खोडाच्या बुडाला बसला पाहिजे. नुसता पिसाऱ्यावर मारून उपयोग नाही. सप्टेंबरच्या मध्यानंतर बंद. आणि फवारणी चालू असताना त्या ओळीतला एकही कोंभ विकायचा किंवा खायचा नाही.

प्लास्टिकचं म्हणाल तर तैवानकडे बरेच जण हे पीक छपराखाली घेतात, ते उगीच नाही. चार गुंठ्यांवर जमत नसेल तर दोन गुंठ्यांवर करा आणि उरलेल्या दोन गुंठ्यांत पावसाळाभर फक्त झाड जगवा. बांबूच्या कमानी, माथा सहा-सात फूट, बाजू उघड्या, वर यूव्ही कागद, म्हणजे ऊन सोसणारं प्लास्टिक. बाजू झाकल्या तर आत दमटपणा कोंडतो आणि करपा गेला तरी दुसरे पानडाग येतात. तेही नको असेल तर निदान ओळीत तीन-चार बोटं जाड भाताचं पिंजर अंथरा, म्हणजे मातीचे शिंतोडे उडणार नाहीत. फक्त खोडापासून वीतभर लांब ठेवा. तुमच्या जांभ्या मातीत पिंजर गड्ड्याला टेकलं की वाळवी आलीच.

---

हुक्केरी_भाजीपाला

चिकोडीच्या अण्णांनी रोगाचं बरोबर सांगितलं. काढणीचं मी सांगतो, कारण बहुतेक लोक इंग्रजी पुस्तक वाचून तीन वर्षं थांबतात आणि सगळा पिसारा कापून 'हिवाळी झोप' देतात. ते बर्फ पडणाऱ्या देशांसाठी. तिथं थंडीत झाड आपोआप झोपतं, वसंतात साठवणीतल्या साखरेवर कोंभ फेकतं. बेळगावला डिसेंबरात रात्री चौदा-पंधरा अंश, दिवसा सत्तावीस-अठ्ठावीस. झाड झोपत नाही, रांगत राहतं. सगळा पिसारा कापून, नवीन खोडं न राखता कोंभ काढत राहिलात तर त्याच्याकडं अन्न बनवायला काहीच उरत नाही आणि दोन-तीन आठवड्यांत गड्डा रिकामा होतो.

आपल्याकडं आईखोड पद्धत चालते. प्रत्येक झाडावर चार ते पाच चांगली खोडं राखायची, बोटाएवढी जाड, एकमेकांपासून लांब, गड्ड्याच्या चारी अंगांना. ती अन्न बनवतात, बाकीचे कोंभ आपण काढतो. पाचांच्या वर राखली की सावली पडते, हवा खेळत नाही. तीनच्या खाली गेलात की कोंभ बारीक. आईखोडं दोन-तीन महिन्यांत पिवळी पडायला लागतात. तेव्हा काढणी थांबवून नवीन राखायची आणि ती उघडली की जुनी कापायची.

वेळापत्रक असं बसवा. ऑक्टोबरच्या मध्याला, परतीचा पाऊस सरला की पावसाळ्यातली सगळी खोडं कापून जाळा. गुंठ्याला अडीचशे-तीनशे किलो कुजलेलं शेणखत वाफ्यावर पसरून वर दोन बोटं माती. नवीन येणारे पहिले चार-पाच जाड कोंभ राखा. त्यांचा पिसारा उघडायला तीन-चार आठवडे, त्यानंतर गड्ड्यात साखर भरायला आणखी तीन-चार. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढणी सुरू, फेब्रुवारीअखेर बंद. तुमची लावण मागच्या ऑक्टोबरातली, म्हणजे या डिसेंबरात चौदा महिन्यांची होईल. ज्या झाडांचे कोंभ पेन्सिलीएवढे आले त्यांचेच काढा, तेही तीन-चार आठवडेच. बाकीच्यांना हात लावू नका.

मार्चनंतर बाजारात भाव असला तरी हाव नको. हवा तीस-बत्तीस अंशांच्या वर गेली की कोंभ वीतभर होण्याआधीच टोक सुटतं, खवले उघडून फांद्या दिसायला लागतात. तो माल कोण घेत नाही. टोक मिटलेलं आणि लांबी वीतभर, म्हणजे वीस ते पंचवीस सेंटिमीटर, हीच वेळ. डिसेंबरात सकाळी एकदा काढलं तरी पुरतं, फेब्रुवारीच्या शेवटी सकाळ-संध्याकाळ दोनदा फेरी मारावी लागते. सकाळी राहिलेला कोंभ संध्याकाळी दोन बोटांनी वाढलेला असतो, थट्टा नाही.

कापताना पातळ सुरी जमिनीच्या पातळीला आडवी धरा. खाली खुपसून कापलं तर शेजारी मातीत असलेला, न दिसणारा कोंभ जखमी होतो आणि तो पुढं छत्रीच्या मुठीसारखा वाकून येतो. वाकडे कोंभ बऱ्याचदा यामुळं, नाहीतर फुलकिड्यांमुळं. कोंभ नेहमी जखमेच्या बाजूला वाकतो. काढणी कधी थांबवायची याची खूण: दिवसाच्या मालात चारपैकी तीन कोंभ पेन्सिलीपेक्षा बारीक निघाले की त्याच दिवशी बंद.

नत्र वर्षभरात गुंठ्याला एक-सव्वा किलो पुरतं, म्हणजे सव्वादोन ते पावणेतीन किलो युरिया, पाच-सहा हप्त्यांत ठिबकमधून, आणि बहुतेक हप्ते नवीन आईखोडं उघडताना. पाऊसकाळात नको.

आणखी एक. यूसी-१५७ मध्ये नर-मादी दोन्ही निघतात. लाल फळं धरणारी ती मादी. फळात ताकद जाते म्हणून तिचे कोंभ थोडे कमी येतात, एवढंच. उपटायची गरज नाही. पण फळं पिकण्याआधी तोडा. नाहीतर पडून उगवतात आणि वाफ्यात ॲस्परॅगसचंच तण होतं, जे उपटायला मन होत नाही.

---

अथणी_कोरडवाहू

मध्येच बोलतो. खानापूरकडच्या पावसात एवढी कसरत करण्यापेक्षा हे पीक आमच्या पूर्वेच्या पट्ट्यात सोपं जातं असं माझं मत. अथणी-रायबागकडे पाऊस कमी, करपा कमी. कालव्याच्या पाण्यानं थोडी खारवट झालेली जमीनही याला चालते, क्षार सोसण्यात भाज्यांमध्ये याचा नंबर वरचा. मात्र खारवट चालते म्हणजे पाणथळ चालते असं नाही. काळ्या भारी रानात गड्डा सहा इंच खोल पुरू नका, चार इंच बास, आणि वाफा उंच. उन्हाळ्यात लाल कोळी ही बारीक कीड येते, पिसारा झटकून पांढऱ्या कागदावर बघा.

तेलसंगकडच्या द्राक्षवाल्यांकडे ब्रिक्स मीटर, रसातली साखर मोजायचा, असतो, तो तासाभरासाठी मागून आणा. गड्ड्याची एक जाड मूळ धुऊन, लसूण दाबायच्या यंत्रात पिळून थेंब काचेवर ठेवा. वीसच्या आसपास आकडा आला तर गड्डा भरलाय, काढणी सुरू करा. दहा-बारा आला तर अजून थांबा. पाच-सहा झाडांची मुळं बघा, एकावर विश्वास नको.

---

हुक्केरी_भाजीपाला

@अथणी, करप्याचं मान्य. पण मार्चपासून तुमच्याकडं जे ऊन तापतं त्यात टोक सुटतं ते आमच्याहून पंधरा दिवस आधी. ज्याला त्याला आपापलं दुखणं. ब्रिक्सचं मात्र झकास सांगितलंत.

---

शहापूर_पॅकिंग

साठवणीचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. दादा, तुमचा माल गाडीत बिघडला नाही, तो शेतात कापल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत बिघडला.

कापलेला कोंभ मेलेला नसतो. भाज्यांमध्ये सगळ्यात जोरात श्वास घेणाऱ्यांपैकी हा एक. स्वतःतली साखर जाळत राहतो, त्याच उष्णतेनं आणखी तापतो, आणि कापलेल्या टोकाकडून वर वर दोरे धरायला लागतो. बुडखा चिवट झाला तो यामुळं. ऊन लागलेल्या टोपलीत दोन तास ठेवला तर नंतर कितीही थंड केलात तरी दोरे परत जात नाहीत.

टोकं वाकडी का? आडवं ठेवलंत. कोंभ कापल्यावरही वर वाढायचं सोडत नाही. आडवा ठेवला की टोक वर उचलतो. थंडाव्यात उभा ठेवलेला वाकत नाही.

पद्धत सांगते. काढणी सकाळी उजाडताच, आठच्या आत संपवा. टोपलीवर ओलं गोणपाट. सावलीत आणून लगेच बर्फाच्या पाण्यात. दहा किलो मालाला वीस लिटर पाणी धरा. ते पाणी थंड करायला सहा किलो बर्फ जातो, मालाची उष्णता काढायला आणखी तीन, टबाबाहेर वाया जाणारा धरून बारा किलो बर्फ आणा. टबात जंतू मारायला साधा, सुगंध न घातलेला सोडियम हायपोक्लोराईट, चार-पाच टक्क्यांचा, चाळीस मिलिलिटर. बर्फ थेट मालावर घासू नका, टोकं फुटतात. जाडीप्रमाणे पाच ते दहा मिनिटं, मधून हलवत. एक जाड कोंभ मोडून आतला गर ओठाला लावून बघा. बाहेरून गार आणि आतून कोमट असेल तर अजून झाला नाही.

मग पाणी पूर्ण निथळू द्या. बुळबुळीतपणा येतो तो ओल्या टोकांमुळं. बुडाला ओलावा पाहिजे, टोक मात्र कोरडं. अडीचशे ग्रॅमच्या जुड्या, टोकं एका रेषेत, बुडखे सरळ कापून दोन रबर. थर्माकोलच्या पेटीत खाली ओला स्पंज किंवा जाड कागद, त्यावर जुड्या उभ्या, वर दोन बोटं जागा मोकळी. बर्फाच्या बाटल्या कागदात गुंडाळून कडेला. चोर्ला घाटातून गोवा तीन-चार तासांचा रस्ता. एवढ्याला हे पुरतं. फक्त पेटी केळी, चिकू, पिकलेल्या आंब्याच्या क्रेटला चिकटून ठेवायची नाही हे ड्रायव्हरला सांगा. पिकणाऱ्या फळांच्या वायूनं कोंभ लवकर दोरे धरतो.

शीतगृह मिळालं तर शून्य ते दोन अंश, हवेत ओलावा पंच्याण्णव टक्क्यांच्या वर. दोन ते तीन आठवडे माल टिकतो. शून्यावर मात्र दहा दिवसांच्या वर ठेवू नका, टोकं काळपट पडून मऊ होतात. जास्त दिवस ठेवायचं तर दोन अंश बरे.

घरच्या फ्रीजमध्ये: बुडखा अर्धा इंच कापा, ग्लासात एक इंच पाणी, कोंभ उभे, वरून सैल पिशवी. पाणी रोज बदला. पाच-सहा दिवस सहज. फ्रीजरला चिकटून ठेवू नका आणि दारातल्या कप्प्यातही नको, तिथं सारखी गरम हवा लागते.

जास्त निघालं तर गोठवा. उकळत्या पाण्यात बारीक कोंभ दोन मिनिटं, मध्यम तीन, जाड चार, मग तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात. पुसून, ताटात सुटे गोठवून मग पिशवीत. उणे अठरा अंशांवर आठ-दहा महिने चालतं. न उकळता गोठवलेलं दोन महिन्यांत गवतासारखं लागतं. आणि बरणीत नुसत्या मिठाच्या पाण्यात भरून साठवायचा प्रयोग कुणी करू नका. ही भाजी आंबट नाही. हवाबंद बरणीत विषारी जंतू वाढतात, साध्या उकळीला ते मरत नाहीत, आणि वासावरून कळत नाही. लोणचं घालायचं तर भरपूर व्हिनेगरमध्येच, आणि फ्रीजमध्ये.

चिवट बुडखे फेकू नका. सोलून आतला गर परतून चालतो, साली उकळून सार होतं.

---

जांबोटी_रोड

ताई, अण्णा, फार उपकार. डागाची खोडं उद्यापासून कापायला घेतो. एकच शंका: रिकाम्या झालेल्या खालच्या अंगाला मग काय लावू?

---

चिकोडी_मळा

तिथं आधी चर काढा, पाणी साचायचं थांबलं की मग बघू. यंदा ती जागा मोकळीच ठेवा. मका-ज्वारी नको, त्यांना धरणारं काही फ्युझेरियम या पिकालाही धरतं. कांदा-लसूणही त्याच कारणानं नको. मातीचा नमुना त्या भागाचा वेगळा आणि वरच्या भागाचा वेगळा काढा. एकत्र करून दिलात तर अहवाल दोन्हींसाठी चुकीचा येईल. नमुना वीतभर खोलीचा, आठ-दहा ठिकाणचा मिसळून अर्धा किलो, सावलीत वाळवलेला. रयत संपर्क केंद्रात द्या, किंवा गोकाककडे जाणं होत असेल तर अरभावीच्या बागायत महाविद्यालयात विचारा. चुना घातल्यावर शेणखत लगेच नको, पंधरा-वीस दिवसांचं अंतर ठेवा, नाहीतर खतातला नत्र वासाबरोबर उडून जातो.